चाकांवरच्या भिंती

पडदा वर जातो. समोर भला मोठा हॉल, जमीन मेपलच्या लाकडाची, घासून आरशासारखी केलेली. छताला काचेच्या तुकड्यांचा गोळा टांगलेला आहे, त्याच्यावर पाच वर्षांची धूळ. कोपऱ्यात अजून जुनी पाटी आहे : उलट्या दिशेने फिरू नये. एके काळी आमच्या कॅल्डर गावातलं प्रत्येक काळं पोर शुक्रवारी संध्याकाळी चाकांचे बूट भाड्याने घेऊन इथे गोल गोल फिरलेलं आहे. मीही फिरलोय, आणि पडलोयही. आता गाणी गेली, बूट गेले. त्या जमिनीवर सात पिवळ्या भिंती उभ्या आहेत आणि प्रत्येक भिंतीखाली चार चाकं आहेत.

भिंतींच्या मधून एक बाई चालते आहे. वय एकसष्ट, अंगाने उंच, पायात बस ड्रायव्हरचे जाड काळे बूट. या वर्गातून त्या वर्गात, तिथून पुन्हा या वर्गात, थांबणं नाही. ही वर्नेल टॉलिव्हर. गावात लहानथोर सगळे तिला मिस वर्नेल म्हणतात. मी एकटा नुसतं वर्नेल म्हणतो, कारण तिला पहिल्यांदा या जमिनीवर पाडलं ते मीच.

प्रवेश, समोरच्या दारातून : अग्निशमन खात्याचे तपासनीस मिस्टर झिलिन्स्की. हातात फळी, फळीला कागद, कानावर पेन्सिल.

"या भिंती कुणी केल्या, मिस टॉलिव्हर?"

"ह्यानं," तिने माझ्याकडे बोट केलं. "थेरॉननं. चाळीस वर्षं नाटकात होता. राजवाडे उभे केलेत यानं."

मी मान लववली. सवय जात नाही.

झिलिन्स्कींनी एका भिंतीला एक बोट लावलं. नुसतं लावलं. भिंत निघाली. चाकांसाठीच बनवलेली ती जमीन, तिला आनंदच झाला असावा. भिंत डौलात वळण घेत हॉल पार करून गेली आणि मागच्या दाराला जाऊन हलकेच टेकली. त्या दारावर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं : बाहेर.

"आग लागली तर पोरांनी याच दाराने पळायचं ना?" झिलिन्स्कींनी विचारलं.

मी जाऊन भिंत दारापासून बाजूला ओढली. झिलिन्स्की बघत होते.

"भिंती जमिनीला बोल्टने जखडा. मग मला बोलवा." त्यांनी कागदावर खूण केली आणि ते गेले.

वर्नेलने माझ्याकडे वळून पाहिलं. "राजवाडे," ती म्हणाली.

चूक माझीच होती. नाटकात भिंतीच्या चाकांना आम्ही कधी लगाम लावत नसू. अंधारात दोन माणसं पाय लावून भिंत धरतात, प्रवेश संपला की ढकलतात. माझ्या हाताला तेवढंच माहीत होतं. शाळेत पाय लावून उभं राहायला माणसं नसतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तो सप्टेंबरचा तिसरा शुक्रवार होता. मोजणीला बारा दिवस उरले होते.

मिशिगनमध्ये शाळा चालवणाऱ्याला मोजणी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी प्रत्येक शाळेत मुलं मोजतात. त्या दिवशी मूल ज्या शाळेच्या बाकावर बसलेलं असेल त्या शाळेला सरकार त्याचे पैसे देतं. आमची चार्टर शाळा. पैसा सरकारचा, सनद विद्यापीठाची, चालवायची आपण. इमारतीसाठी मात्र कुणी एक डॉलर देत नाही, म्हणून कुणी बंद पडलेल्या दुकानात शाळा काढतं, कुणी चर्चच्या तळघरात, आणि आम्ही इथे. त्या बुधवारी दार उघडं नसेल तर वर्षाचा पैसा नाही, आणि पैसा नाही तर शाळा नाही. विद्यापीठाने आधीच दोनदा तारीख पुढे ढकलून दिली होती. तिसऱ्यांदा मिळणार नव्हती.

वर्नेलला शाळा कशाला हवी होती ते आता सांगतो.

सत्तावीस वर्षं तिने पिवळी बस चालवली. नवव्या रस्त्यावरची आमची शाळा मुलं कमी झाली म्हणून बंद झाली, आणि उरलेल्या मुलांना नदीपलीकडच्या शाळेत न्यायचं ठरलं. जायला पंचावन्न मिनिटं, यायला पंचावन्न. नेणार कोण, तर वर्नेल. पाच वर्षांची पोरं सकाळी सव्वासहाला बसमध्ये चढायची आणि दुसऱ्या चौकापर्यंत झोपून जायची. "माझीच गाडी," ती मला म्हणायची, "माझाच हात चाकावर, आणि मीच यांना उचलून लांब नेतेय. पगार घेऊन नेतेय, थेरॉन."

ती बसत नसे. बसची सीट सोडली तर तिला बसलेलं मी पाहिलेलं नाही. जेवायची उभ्याने, चर्चमध्ये उभी, मयताच्या घरी गेली तरी खुर्चीमागे उभी. त्याचंही कारण आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी, फेब्रुवारीत, फेरी संपवून तिने गाडी आवारात लावली आणि समोरूनच मागे नजर टाकून उतरली. शेवटच्या सीटवर एक मुलगी झोपलेली होती. चाळीस मिनिटांनी एका मेकॅनिकला काचेवर थाप ऐकू आली. मुलगी वाचली, बोटं निळी पडली होती. त्यानंतर वर्नेल प्रत्येक फेरीनंतर मागपर्यंत चालत जायची आणि प्रत्येक सीटच्या पाठीला हात लावून यायची. ड्रायव्हरांना तसं करावंच लागतं, पण हिने ते सगळीकडे नेलं. रविवारी प्रार्थना संपली की चर्चच्या एकेका बाकाला हात लावत शेवटच्या ओळीपर्यंत जायची. लोक हसायचे. पाद्रीबुवा म्हणायचे, "मिस वर्नेल, माझ्या प्रवचनात कुणी झोपत नाही हो." ती म्हणायची, "तरी बघते."

शाळा काढू इच्छिणाऱ्यांसाठी राजधानीत दोन दिवसांचं शिबिर असतं. ती गेली, मला सोबत घेऊन. कडक सूटमधली माणसं शंभर पानांचे आराखडे घेऊन आलेली. हिचा आराखडा बसच्या फेऱ्यांच्या जुन्या तक्त्यांच्या पाठीवर लिहिलेला. पण तिथल्या लोकांनी तिला हसून घालवलं नाही, हे मी मनापासून सांगतो. एका तरुण बाईने रात्रभर बसून त्या तक्त्यांचा अर्ज करून दिला. पुढे विद्यापीठाच्या मंडळासमोर मुलाखत झाली. त्यांनी तिला बसायला सांगितलं, ती उभीच राहिली.

"तुमच्या शाळेचं वैशिष्ट्य काय?" एकाने विचारलं.

"घरापासून दहा मिनिटं," ती म्हणाली. "पायी."

"आणि शिक्षणाची पद्धत?"

"चांगल्या शिक्षिका मी शोधल्यात, पद्धत त्यांना विचारा. जागं मूल वर्गात पोचवायचं काम माझं."

मी भल्याभल्या नटांना टाळ्या घेताना पाहिलंय. त्या खोलीत टाळी वाजली नाही, पण सनद मिळाली. सुरुवातीसाठी अनुदान मिळालं. त्याला एक अट होती : हलवता येईल ते घ्या. बाकं घ्या, पुस्तकं घ्या, लिहायचे फळे घ्या. इमारतीला जडवलेलं काही घ्यायचं नाही, कारण इमारत परक्याची. म्हणून मी भिंती चाकांवर केल्या. अट अगदी माझ्या धंद्यासारखीच होती.

तपासणीनंतरच्या सोमवारी अनुदान कार्यालयाच्या मिस हॉक फोनवर होत्या. वर्नेल फोन टेबलावर ठेवून टेबलाभोवती फिरत होती.

"बोल्ट मारलात की भिंत इमारतीची झाली," मिस हॉकचा आवाज गोड होता. "मग भिंतींचे पैसे परत करावे लागतील."

"अग्निशमनवाले म्हणतात बोल्ट मारा."

"ते त्यांचं बरोबर आहे."

"आणि तुम्ही म्हणता मारू नका."

"तेही बरोबर आहे, मिस टॉलिव्हर."

"दोन बरोबरांच्या मधे माझी बहात्तर पोरं अडकलीत, बाळा," वर्नेल म्हणाली. "मी फोन ठेवते. नाहीतर माझ्या तोंडून काहीतरी जाईल आणि मग रविवारी माफी मागावी लागेल."

अर्जात बहात्तर नावं होती. शाळा उघडली नाही म्हणून ती बहात्तर मुलं रोज नदीपलीकडच्या बसमध्ये चढत होती, आणि रोज एखादी आई फोन करून हळूच म्हणत होती, की इतकं झालंय तर यंदा तिकडेच राहू दे.

मंगळवारी संध्याकाळी मी हॉलमध्ये गेलो तर वर्नेल कडेकडेने गोल फिरत होती. आम्ही सगळे फिरायचो त्याच दिशेने, डावीकडे वळत. मला वाटतं त्या जमिनीवर उलट चालायला तिचेही पाय तयार झाले नसते. मी माझा दुखरा गुडघा धरून मधोमध उभा राहिलो. ती फिरत फिरत बोलायची, जवळ आली की वाक्य ऐकू यायचं, लांब गेली की अर्धं हरवायचं.

"चाकांना लगाम लावले तर?" मी विचारलं.

"एका सुट्टीत पोरं लाथ मारून सोडवतील. झिलिन्स्की खुळा नाही." ती लांब गेली, परत आली. "तुमच्या त्या नाटकात नवरा दार आपटून जायचा. आठवतं? मी पहिल्या रांगेत होते."

"उभी होतीस. लोक ओरडत होते."

"त्या आपटण्याने भिंत का नाही पडली?"

"मागे तिरपा लाकडी टेकू असतो. टेकूच्या पायावर वाळूची पिशवी."

"खिळा?"

"खिळा कसला? दुसऱ्या दिवशी दुसरं गाव असायचं. रंगमंचाला भोक पाडलं तर मालक पैसे कापायचा."

वर्नेल थांबली. खरंच थांबली, हॉलच्या मधोमध, त्या धुळकट गोळ्याखाली.

"वाळू," ती म्हणाली. "अरे नाटक्या, हे शुक्रवारी का नाही सांगितलंस?"

"विचारलं कुणी?"

"किती पिशव्या लागतील?"

"भिंतीला चार टेकू, टेकूला तीन पिशव्या. चौऱ्याऐंशी."

ती हसायला लागली. कॅल्डरमध्ये वाळूला काय तोटा? बर्फात गाडीची मागची चाकं घसरतात म्हणून इथे प्रत्येक जण डिकीत वाळूची लांब पिशवी टाकतो. उन्हाळाभर त्या पिशव्या गॅरेजात पडून असतात.

बुधवारी सकाळी सव्वासहाला ती नवव्या रस्त्याच्या थांब्यावर उभी, तिथून अकराव्या, तिथून हॉलंड चौकात. पोरांना बसमध्ये चढवायला आलेल्या प्रत्येक आईला, आजोबांना एकच सांगणं : "वाळू आणा. थंडी पडली तरी परत देणार नाही, आधीच सांगते." गुरुवारी संध्याकाळपर्यंत हॉलच्या दारात गाड्यांची रांग. चर्चच्या बायका आल्या, मोटार कारखान्यातले निवृत्त झालेले आले. कुणाच्या पिशवीवर मांजराचे केस, कुणाची फुटून डिकीभर झालेली, ती सूपच्या भांड्यात भरून आणलेली. मी टेकू कापत होतो, म्हातारे ठोकत होते. प्रयोगाच्या आदल्या दिवशी थिएटरात जो वास येतो, ताज्या लाकडाचा आणि घाबरलेल्या माणसांचा, तो मला काही वर्षांनी पुन्हा आला. चाकं काढून मी एका टोपलीत घातली. वर्नेलने टोपलीवर चिठ्ठी चिकटवली : फेकू नये, पुन्हा लागतील.

शुक्रवारी झिलिन्स्की आले. पहिल्या भिंतीला बोट लावलं. मग हात. मग फळी खाली ठेवून खांदा लावला. भिंत हलली नाही. वाकून त्यांनी टेकू पाहिले, पिशव्या पाहिल्या.

"बोल्ट नाहीत."

"नाहीत," वर्नेल त्यांच्या मागेमागे चालत होती. "पण तुमच्या नियमात बोल्ट लिहिलंय का हो? मला वाचून दाखवा."

त्यांनी कागद उलटले. बराच वेळ वाचलं. "हलता कामा नये, असं आहे."

"मग हलवून दाखवा."

झिलिन्स्कींनी दुसऱ्या बाजूने पुन्हा खांदा लावला. त्यांचा चेहरा लाल झाला. मग ते हसले, पहिल्यांदाच. "माझ्या डिकीत असते एक," ते म्हणाले आणि सही केली.

मिस हॉकना वर्नेलने फोन केला. त्यांनी सगळं लिहून घेतलं. "वाळूची नोंद कशात करू?" त्यांनी शेवटी विचारलं.

"शेजारी, असं लिहा."

सोमवारी शाळा उघडली, पण त्या दिवशी एकोणपन्नासच मुलं आली. मंगळवारी त्रेपन्न. मुख्य शिक्षिका लॉरेटा ब्रिग्ज संध्याकाळी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मिस्टर थेरॉन, उद्या साठ तरी यायला हवेत. साठाच्या खाली गेलो तर पगार पुरायचे नाहीत." वर्नेल ऐकत नाही असं वाटत होतं. ती शेवटच्या वर्गात शेवटच्या बाकाला हात लावत होती.

बुधवारी सव्वासहाला मी हॉलंड चौकात पोचलो. वर्नेल आधीच तिथे होती, फुटपाथच्या कडेवर येरझारा घालत. पहाटेचा गार वारा होता. हॉलमध्ये चर्चच्या बायकांनी मासे तळायला घेतले होते, मक्याचा पाव भट्टीत होता, वास चौकापर्यंत येत होता. पण नदीपलीकडच्या शाळेत त्या दिवशी पिझ्झा होता आणि सोडतीत सायकल. मोजणीच्या दिवशी सगळेच काही ना काही लावतात.

पिवळी बस आली. दार उघडलं. आत चाकावर क्लीटस, वर्नेलचा जुना सोबती.

"मिस वर्नेल, माझी गाडी रिकामी करायला उभी आहेस होय?"

"रिकामी असली तर मागपर्यंत चालायला बरं पडेल तुला. चालतोस ना?"

"तू जिवंत असेपर्यंत चालावंच लागेल!"

पोरं दोन्हीकडे बघत होती. काही आयांचा हात धरून आमच्याकडे वळली, एक मुलगा वास घेत घेत पळतच सुटला. वर्नेलने कुणाला हाक मारली नाही. मी मारणार होतो, माझा आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत जातो. तिने माझी बाही ओढली. "ओढायचं नाही. पोरं आहेत ती, वाळू नव्हे."

शेवटी शरोंडा नावाची एक आई आली, आपली तिन्ही मुलं घेऊन. ती रुग्णालयातून थेट आलेली, अंगावर अजून कामाचा निळा डगला.

"मिस वर्नेल, मला खरं सांगा. पुढच्या वर्षी असणार आहे का ही शाळा?"

मला वाटलं, हो म्हण. बाई, नुसतं हो म्हण. आयुष्यभर रंगमंचावर मी याहून मोठी खोटी वाक्यं रडवेल्या आवाजात म्हटली आहेत. कालचे त्रेपन्न आणि आज नव्याने वळलेले चार, सत्तावन्न झाले होते. तीन मिळाले की साठ.

वर्नेल शरोंडाच्या समोर, त्या सकाळी प्रथमच स्थिर, उभी राहिली. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "आज दुपारी थोडं कळेल."

शरोंडाने मुलांकडे पाहिलं, बसकडे पाहिलं. "दरवर्षी शाळा बदलायला नको वाटतं हो मला. रागावू नका."

"रागावते कशाला? योग्य वाटेल ते कर, बाळा."

तिन्ही मुलं बसमध्ये चढली. सर्वात धाकटी पायरीवर असताना वर्नेल म्हणाली, "शेवटच्या सीटवर झोपू नकोस हं. पुढे बस, क्लीटसला दिसेल अशी." दार मिटलं. बस नदीकडे गेली. वर्नेल वळून इतक्या भराभर चालू लागली की मला गुडघा धरून पळावं लागलं.

सत्तावन्न. लॉरेटाने तीनदा मोजले, तेवढेच भरले. शाळा होती, पैसे येणार होते, पण तीन मुलांचा खड्डा पडला. लॉरेटा वही घेऊन बसली, या शिक्षिकेचे तास कमी करू, त्या शिक्षिकेचे अर्धे करू, असं चाललं होतं. वर्नेल तिच्या खांद्यामागे उभी राहून वाचत होती.

"पहिली ओळ कुणाची?"

"तुमची, मिस वर्नेल. संचालक."

"ती खोड."

"मग तुम्ही खाणार काय?"

"ड्रायव्हरांचा तुटवडा आहे. क्लीटस म्हणत होता."

मी खूप बोललो. रागावलो, हात उडवले, माझ्या भाषणाला एखाद्या थिएटरात नक्की टाळ्या पडल्या असत्या. ती ऐकून घेत हॉलमधून फिरत राहिली, डावीकडे वळत.

पुढच्या सोमवारपासून ती पुन्हा पिवळ्या बसवर. पहाटेची फेरी आणि दुपारची. पहाटे ती नदीपलीकडच्या शाळेत पोरं सोडून आठाला आमच्याकडे यायची. दुपारी मात्र पंचाईत होती. आमची शाळा तीनला सुटायची आणि तिची बस पावणेतीनला निघायची.

त्या सोमवारी पावणेतीनला वर्गांत पुस्तकं मिटण्याचे आवाज येत होते. वर्नेलने ड्रायव्हरचं जाकीट चढवलं, दारापर्यंत गेली, परत आली. पुन्हा गेली. पुन्हा आली. खिशातून शाळेच्या किल्ल्या काढून माझ्या हातात दिल्या. बाहेर बसचं इंजिन चालू होतं, तिने ते आधीच चालू करून ठेवलं होतं.

"जा की आता," मी म्हटलं. "मी आहे."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, वर्गांकडे पाहिलं, आणि चालता चालता, मागे न वळता, माझ्याशी बोलली.

"शेवटच्या बाकापर्यंत जायचं हं, नाटक्या. हात लावून. दारातून हाक मारून चालत नाही, झोपलेलं पोर ओ देत नाही. आणि जाताना दिवे घालव."